उंबरठ्यावरील प्रार्थना

परीक्षेच्या दिवसांत, पट्टी, पेन्सिल, लेखनफळा आणि पाण्याची बाटली सांभाळीत रिक्षावाल्या काकांच्या गाडीतून शाळेच्या फाटकाशी उतरलेल्या मुली आपापल्या वर्गाकडे वळण्यापूर्वी पाच मिनिटे चॅपलकडे जातात, पायरीशी बूट काढून ठेवतात, दाराजवळच्या लहानशा पात्रातील पाण्यात बोटांची टोके बुडवून ती कपाळाला लावतात आणि मागच्या बाकाशी क्षणभर डोळे मिटून उभ्या राहतात, हे दृश्य कॅथलिक संस्थेच्या कन्याशाळेशी ज्यांचा थोडाही संबंध आलेला आहे त्यांना नवे नाही. बूट काढण्याचा हुकूम त्यांना कोणी दिलेला नसतो. ज्या धर्माचे ते प्रार्थनास्थान आहे त्याच्या युरोपीय वहिवाटीत पादत्राणे बाहेर ठेवण्याचा दंडक नाही. ही रीत त्या मुलींनी आपल्या घरून आणलेली असते. कोणी चिंचवडच्या मोरया गोसावींच्या समाधिमंदिरातून, कोणी आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरातून, कोणी मशिदीतून वा गुरुद्वारातून. पाण्याला बोट लावण्याची रीत मात्र त्या शाळेत शिकलेल्या असतात. एका पायरीवर दोन परंपरांचे आचार असे सहज एकत्र येतात, आणि परीक्षेची घंटा झाल्यावर त्या मुली बूट घालून धावत निघून जातात. परंतु ज्याने ते दृश्य लक्षपूर्वक पाहिले त्याच्या मनात एक प्रश्न मागे राहतो, व तो प्रश्न मला पुष्कळ वर्षे सोडीत नाही. जी प्रार्थना आपल्या कुळाची नाही, जिच्या शब्दांवर श्रद्धा ठेवण्याचा आपण कधी संकल्प केलेला नाही, ती रोज सकाळी हात जोडून म्हणणारी मुलगी खरोखर प्रार्थना करीत असते काय?

या प्रश्नाला आपल्याकडे जी उत्तरे ठेवणीतली म्हणून दिली जातात त्यांपैकी एकानेही माझे समाधान झालेले नाही. कोणी म्हणतो की ती प्रार्थना नव्हेच, ती शिस्त आहे. दोन वेण्या, रिबिनी, पांढरे मोजे आणि रांगेतील अंतर यांच्यासारखीच ती एक कवायत आहे, व तिच्याकडे त्याहून अधिक गंभीरपणे पाहण्याचे कारण नाही. कोणी म्हणतो की ते कोवळ्या मनावर केलेले आक्रमण आहे. आणि बहुसंख्य सुशिक्षित मंडळी, विशेषतः ज्यांच्या मुली अशा शाळांत शिकत आहेत अशी, म्हणतात की देव सर्व एकच असल्यामुळे मुळी प्रश्नच उद्भवत नाही. हे तिसरे उत्तर सर्वांत सौम्य आहे, म्हणूनच ते मला सर्वांत आळशी वाटते; कारण ज्याने एकाही देवाशी नीट बोलून पाहिलेले नाही त्याला सर्व देव एकच आहेत हे इतक्या लवकर कळावे कसे?

पिंपरी-चिंचवड हे गाव, वस्तुतः अनेक गावांचे मिळून झालेले हे नगर, या प्रश्नाला विशेष अनुकूल आहे. पवनेच्या काठची ही जुनी देवस्थानाची भूमी. 1954 साली येथे पेनिसिलिनसाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहू लागला, मागोमाग आकुर्डीस बजाज आणि पिंपरीस टेल्को आली, 1970 साली नगरपालिका व 1982 साली महानगरपालिका झाली, आणि आता वाहनांचे कारखाने इंद्रायणी ओलांडून चाकणपर्यंत पसरले आहेत. या कारखान्यांच्या हजेरीपटावर साताऱ्याचा, सांगलीचा, बीड-लातूरचा कामगार जसा रुजू झाला तसाच केरळचा, मंगळूरचा, गोव्याचा, तामिळ मुलुखाचा आणि नगर जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती कुटुंबातलाही झाला. मुलींच्या शाळेचा प्रश्न या सर्वांपुढे एकाच वेळी उभा राहिला. जो बाप पहिल्या पाळीला यंत्रापाशी उभा राहतो व ज्याला आपल्या मुलीने टेबलापाशी बसावे असे वाटते, तो प्रवेशअर्जाच्या रांगेत पहाटेपासून तिष्ठत उभा राहतो तो इंग्रजीसाठी आणि शिस्तीसाठी. त्यात काही गैर आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्या स्त्रिया ती शाळा चालवितात त्या इंग्रजी आणि शिस्त देण्यासाठी घर सोडून आलेल्या नसतात, ही गोष्ट अर्ज भरणाऱ्याच्या ध्यानात क्वचितच येते.

त्या कशासाठी आल्या हे समजून घेण्यासाठी थोडे दूर जावे लागते. पुण्याच्या लष्करात कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी नावाची मुलींची जुनी शाळा आहे. ज्या संघाने ती काढली त्या संघाची स्थापना फ्रान्समधील लियाँ या शहरी 1818 साली क्लोदीन तेव्हने या बाईंनी केली. लियाँ हे रेशमाच्या मागांचे शहर. म्हणजे आपल्या पिंपरीसारखेच कामगारांचे. क्लोदीनबाईंचे दोन भाऊ क्रांतीच्या धुमश्चक्रीत 1794 च्या जानेवारीत ठार मारले गेले, आणि मृत्यूकडे नेले जात असता त्यांनी बहिणीकडे एकच मागणे मागितले, ते मारणाऱ्यांना क्षमा करण्याचे. ही क्षमा बाईंनी उच्चारली आणि ती त्यांना जन्मभर शरीराने भोगावी लागली. त्या आघाताने जडलेला मानेचा कंप शेवटपर्यंत गेला नाही असे त्यांच्या चरित्रात सांगतात. पुढे त्यांनी काय केले, तर रस्त्यावर पडलेल्या पोरक्या मुली गोळा केल्या, त्यांना लिहिण्यावाचण्याबरोबर रेशीम विणण्याचा धंदा शिकविला, आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्या स्त्रियांचा एक व्रतस्थ संघ बांधला. त्या संघाच्या भगिनी 1842 साली आग्र्यास पोचल्या व त्यानंतर दोन दशकांच्या आत पुण्यास आल्या. आकुर्डीस ज्या संत उर्सुलेच्या नावाची शाळा आहे, तिचेच नाव 1535 साली इटलीतील ब्रेशा येथे अँजेला मेरीची यांनी आपल्या मंडळाला दिले होते. त्या मंडळातील कुमारिका आरंभी मठात नव्हे तर आपापल्या घरीच राहून व्रत पाळीत असत. मठाच्या भिंती त्यांच्याभोवती पुढे चढल्या, आणि त्या चढविणारे पुरुष होते.

हा इतिहास शाळेतील मुलींना बहुधा ठाऊक नसतो. परंतु त्याचे फळ त्यांच्या डोळ्यांसमोर रोज वावरत असते. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेतलेली एक स्त्री त्यांना गणित शिकविते, त्यांच्या गिचमिड अक्षरावर रागावते, खेळाच्या तासाला पदर नसलेल्या त्या साध्या झग्यात शिट्टी वाजवीत धावते. ज्या समाजात मुलीच्या आयुष्याचा सर्व हिशेब लग्नापाशी येऊन थांबतो, त्या समाजातील मुलीला रोज सहा तास अशी स्त्री दिसते की जिने लग्न न करता, मूल न होता, स्वतःच्या नावावर घर न घेता एक पूर्ण आणि कामाने भरलेले आयुष्य पत्करले आहे. सिस्टर काही बोलत नसली तरी ही शिकवण चाललेलीच असते. आपल्या परंपरेला ती अगदी परकी आहे असेही नव्हे. मुक्ताबाई, जनाबाई, कान्होपात्रा या आपल्याच, आणि त्यांपैकी कोणाचेही आयुष्य संसाराच्या मापाने मोजता येत नाही. मात्र आपण त्यांची पूजा करतो व आपल्या मुलींना त्यांच्या वाटेपासून दूर ठेवतो. माझ्या मते कॅथलिक कन्याशाळेतील खरे धार्मिक शिक्षण प्रार्थनेच्या शब्दांत नसून या साक्षात उदाहरणात आहे, आणि ज्यांना त्या शाळेची भीती वाटते त्यांनी वाटल्यास याची वाटून घ्यावी.

भीतीचा उल्लेख केला, तेव्हा तिच्याकडे पाठ फिरवून चालणार नाही; महाराष्ट्रात तिला स्वतःचा इतिहास आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईस विधवा मुलींसाठी शारदा सदन काढले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. रमाबाई कॅथलिक नव्हत्या, त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडातील अँग्लिकन पंथात झालेला होता. पण प्रश्न तोच होता. सदनात धर्म शिकविला जाणार नाही, असे ठरलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत आपल्या मुलीसह प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. दार लावून घ्यावे की उघडे ठेवावे, या एवढ्याशा गोष्टीवरून पुण्यात जे वादळ उठले त्याच्या शेवटी 1893 साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या सुहृदांनीही सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला व पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. मला या वादात दोन्ही पक्षांविषयी आदर वाटतो. ज्यांच्या विश्वासावर पालकांनी विधवा लेकी घराबाहेर पाठविल्या होत्या त्या रानडे-भांडारकरांना त्या विश्वासाचा जाब देणे भाग होते. आणि जिला प्रार्थना हाच श्वास होता त्या बाईने स्वतःच्या घरात दार लावून, चोरासारखे श्वास घ्यावा असे सांगणेही न्याय्य नव्हते. पण त्या साऱ्या वादात एक गोष्ट कोणीच विचारली नाही. त्या मुली आत जाऊन बसल्या तेव्हा त्यांच्या मनात काय चालले होते?

आपल्या संविधानकारांनी या दारासंबंधी तरतूद करून ठेविली आहे. अनुच्छेद 28 च्या तिसऱ्या खंडानुसार, राज्याने मान्यता दिलेल्या वा राज्याचे अनुदान घेणाऱ्या संस्थेत शिकणाऱ्या कोणाही व्यक्तीस तिच्या संमतीवाचून, आणि ती अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणात भाग घ्यावयास वा उपासनेस हजर राहावयास लावता येत नाही. अनुच्छेद 30 ने अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा हक्क दिला. अनुच्छेद 28 ने त्या शाळेतील प्रत्येक बालकाला आपल्या अंतःकरणाचे दार आतून लावण्याची मुभा दिली. कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 1965 च्या ऑक्टोबरात, अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा आपण अव्हेर करीत नाही असे जाहीर केले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये हे तत्त्व अधिकृतपणे स्वीकारले. म्हणूनच आज या शाळांत कॅथलिक मुलींना कॅटेकिझमचा, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाचा, वर्ग असतो आणि त्याच तासाला इतर मुली मॉरल सायन्स शिकतात. कायद्याने आपले काम केले आहे. परंतु कायदा सक्ती कोठे नसावी हे सांगू शकतो. सक्ती नसताना जे घडते त्याचे स्वरूप सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

ते स्वरूप मला ज्यांच्या लेखनात प्रथम स्पष्ट दिसले त्या सिमोन वेल जन्माने यहुदी होत्या. मुलींच्या सरकारी शाळांत तत्त्वज्ञान शिकविणारी ही बाई 1934 च्या अखेरीस शाळेची रजा घेऊन कारखान्यात शिरली, आणि पॅरिसच्या परिसरात तीन कारखान्यांत, त्यांत रेनो या मोटारींच्या कारखान्यातही, साधी कामगार म्हणून राबली. डोके दुखत असता, बोटे भाजत असता, तुकड्यांची संख्या भरली नाही म्हणून बोलणी खात असता विचार करण्याची शक्तीच कशी मावळत जाते, हे त्यांनी आपल्या रोजनिशीत लिहून ठेविले आहे. चाकणच्या जोडणीपट्ट्यापाशी उभ्या राहणाऱ्या कोणाही माणसाला ती रोजनिशी परकी वाटणार नाही. पुढे त्यांनी संस्कृत शिकून गीता मुळातून वाचली. आणि 1941 साली दक्षिण फ्रान्सात द्राक्षांच्या तोडणीवर मजुरी करीत असता येशूने शिष्यांना शिकविलेली ती एकच प्रार्थना ग्रीक भाषेत पाठ करून, रोज एकदा, पूर्ण अवधानाने म्हणण्याचा नेम धरला. मन किंचित ढळले वा झोपेला आले तर ती पुन्हा आरंभापासून म्हणावयाची. हे सर्व करीत असता चर्चमध्ये प्रवेश करण्यास मात्र त्या राजी नव्हत्या. आपले स्थान उंबरठ्यावरच आहे असे त्यांनी आपल्या धर्मगुरू मित्राला, फादर पेरिन यांना, वारंवार लिहिले. आणि त्याच पेरिन यांच्याकरवी, कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी म्हणून, 1942 साली त्यांनी जो निबंध पाठविला त्याचा विषय होता शाळेतला अभ्यास आणि ईश्वराविषयीचे प्रेम.

त्या निबंधातील विचार असा की शाळेतील अभ्यासाचे सर्वांत मोठे प्रयोजन अवधानाची शक्ती वाढविणे हे आहे, आणि प्रार्थना म्हणजे दुसरे काही नसून तेच अवधान ईश्वराकडे वळलेले. भूमितीचे प्रमेय तासभर झगडूनही सुटले नाही तरी तो तास वाया गेला नाही. ती शक्ती आत कोठे तरी जमा झाली, व कधी तरी अगदी निराळ्या प्रसंगी, कदाचित एखाद्या दुःखिताजवळ बसण्याची वेळ येईल तेव्हा, ती उपयोगी पडेल. हे वाचले तेव्हा चॅपलच्या मागच्या बाकाशी डोळे मिटून उभी असलेली ती मुलगी मला निराळी दिसू लागली. प्रार्थना कोणाच्या मालकीची, या प्रश्नाचे उत्तर शब्दांचा सातबारा पाहून मिळणार नाही. ज्या क्षणी ती त्या शब्दांना आपले पूर्ण अवधान देते त्या क्षणी ती प्रार्थना तिची होते. आणि ज्या क्षणी जन्माने कॅथलिक असलेली तिची मैत्रीण तेच शब्द पाठांतराच्या सवयीने पुटपुटते व मनात डब्यात काय आहे याचा विचार करते, त्या क्षणी ती तिचीही राहत नाही. हे बोलणे कठोर आहे. पण नामस्मरणाविषयी आपल्या संतांनी ओठांच्या जपाला आणि अंतरीच्या जपाला वेगळे ठेवले तेव्हा तेही याहून मृदू बोलले नव्हते.

मग उंबरठा. महाराष्ट्राच्या माणसाला उंबरठ्याचा अर्थ पंढरपुरात कळतो. विठ्ठलाच्या महाद्वाराशी नामदेवांची पायरी आहे; येणाऱ्या प्रत्येकाची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून त्यांनी तेथे विसावा घेतला अशी श्रद्धा आहे. आणि तेथेच समोर चोखोबांची समाधी आहे, ज्यांना आत जाऊ दिले गेले नाही. एक पायरी स्वेच्छेची आणि एक सक्तीची. दोन्ही ठिकाणी भक्ती तेवढीच खरी होती, म्हणून अन्याय कमी ठरत नाही; तो दूर व्हावयास 1947 च्या मे महिन्यातील साने गुरुजींचे उपोषण लागले. मला वाटते की आमच्या या शाळांच्या प्रश्नाची कसोटी हीच आहे. उंबरठ्यावर उभी असलेली मुलगी तेथे आपल्या इच्छेने उभी आहे काय? तिला आत ओढणारा हात जितका अनिष्ट, तितकाच तिच्या दंडाला धरून तिला मागे खेचणारा, घरचा वा पक्षाचा, हातही अनिष्ट.

आणि आतले व बाहेरचे सारखेच, असे सांगून तो उंबरठा पुसून टाकणारा हातही मला नको आहे. माझ्या परिचयाच्या एका घरी आजी वारकरी आहेत. ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीस मुक्कामाला येते तेव्हा त्या दिवशी घरात दुसरे काही चालत नाही. नात पाचवीत असताना तिने शाळेतील प्रार्थना आजींना म्हणून दाखविली व अर्थ सांगितला. आजींनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अगं, पण हा तर बाप झाला. बापाला हाक मारायची म्हणजे आधी दाराशी उभं राहावं लागतं. आमची माउली आहे. तुझ्या सिस्टरना विचार, त्यांच्यात आईला हाक मारतात का म्हणून." नातीने खरोखरच विचारले. सिस्टरनी तिला मारियेची मूर्ती दाखविली, आणि जे सांगितले ते मला फार मोलाचे वाटते. त्या म्हणाल्या की आम्ही हिला हाक मारतो, पण ही देव नव्हे. ही देवाची आई आहे, आणि आमच्यासाठी त्याच्याकडे शब्द टाकते. गोड बोलून, तुमची माउली ती हीच, असे सांगणे त्यांना सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. ज्या स्त्रीला स्वतःच्या श्रद्धेतील भेद इतका स्पष्ट ठाऊक आहे ती दुसऱ्याच्या श्रद्धेतील भेदही जपू शकते, असे मला त्या दिवशी वाटले. नातीने घरी येऊन ते सांगितले तेव्हा आजी बराच वेळ विचार करीत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे देवालाही आई लागली म्हणायची," आणि निवडायला घेतलेली मेथी पुन्हा पुढे ओढली.

तेव्हा माझे मागणे फार मोठे नाही. केरळात 1985 साली एका शाळेतील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत पण आपल्या पंथाच्या श्रद्धेनुसार गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढण्यात आले. आणि पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा हुकूम देताना मान्य केले की आदराने, निःशब्द उभे राहण्यात अपमान नाही. ती मुले ख्रिस्ती पंथाची होती. जे संरक्षण त्यांना त्या दिवशी मिळाले तेच, कॅथलिक शाळेच्या मैदानावर ओठ न हलविता उभ्या असलेल्या हिंदू वा मुसलमान मुलीलाही असले पाहिजे, आणि त्यासाठी तिला न्यायालयात जावे लागू नये. वर्गशिक्षिकेने रांगेतून जाताना तिच्याकडे पाहावे व काही न बोलता पुढे जावे, एवढे पुरे आहे. सकाळच्या प्रार्थनासभेत शेवटी अर्धे मिनिट शांत उभे राहण्याची पद्धत काही शाळांत आहे. ते अर्धे मिनिट वाढवून पूर्ण एक करावे असे मी सुचवीन. शब्द तोपर्यंत संपलेले असतात, ज्यांचे होते त्यांचे आणि ज्यांचे नव्हते त्यांचेही. पाचशे मुली डोळे मिटून उभ्या असतात, आणि दुरून एखाद्या कारखान्याचा भोंगा वाजतो, तेव्हा रांगेतील एखाद्या मुलीला कळते की बाबांची रात्रपाळी आता सुटली.